'बनगरवाडी'चा एकटा मास्तर : स्वप्न पूर्ण झालं, मग पुढे?

भिवंडीच्या वळ गावातून बोलतोय. हेडफोन लावलेत ना? चला मग.

आपल्या वळच्या आसपास जिथे भाताची खाचरं होती, तिथे आता गोदामं आहेत. बाहेरगावहून आलेली किती तरी पोरं त्यात राबतात. शिफ्ट संपली की खोलीवर यायचं, मोबाइल उघडायचा, झोपायचं. दिवसभर माणसांत असतात, पण 'जेवलास का?' असं विचारणारं कोणी नसतं. म्हणून आज व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतलीय. १९५५ साली आलेली छोटीशी कादंबरी आहे, दोन-तीन बैठकांत संपते.

औंध संस्थानातली, माणदेशातली धनगरांची वाडी. तिथे राजाराम सौंदणीकर नावाचा तरुण मास्तर येतो. शाळा बंद पडलेली आणि पोरं मेंढरांमागे. शिकून काय करायचं, हाच लोकांचा प्रश्न. मास्तरचं वय म्हणाल तर तुमच्याएवढंच. वाडीत ओळखीचं कोणी नाही.

मग मैत्री कशी होते? गंमत म्हणजे, ठरवून होत नाही. म्हातारा कारभारी त्याला आधार देतो. आयबू सोबतीला येतो आणि घरचाच होऊन जातो. आनंदा रामोशी तर चोऱ्या करणारा, पण मास्तरला जीव लावणारा. इकडे मास्तर लोकांची पत्रं लिहितो, तालुक्याची कामं करतो, भांडणं ऐकून घेतो. म्हणजे बघा, एकटेपणा आधी गेला आणि मग तो उपयोगी पडला, असं नाही झालं. उपयोगी पडता पडताच एकटेपणा गेला.

हे सगळं गोडगोड नाहीये हं. एका गैरसमजावरून हाच कारभारी मास्तरशी बोलणं टाकतो. भरल्या वाडीत मास्तर पुन्हा एकटा पडतो. आपला माणूस अबोला धरतो तेव्हाचा एकटेपणा अनोळखी गावातल्या एकटेपणापेक्षा जास्त टोचतो.

आणि स्वप्न? वाडीत तालीम बांधायची! ज्यांच्याकडे पैसा नाही ते अंगमेहनत देतात. तालीम उभी राहते, उद्घाटनाला खुद्द राजा येतो. औंधचे खरे राजे, भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यामुळे तालमीला राजा येणं त्या काळाला धरूनच आहे.

जॉन स्टाइनबेकची १९३७ ची 'ऑफ माइस अँड मेन' आठवते इथे. जॉर्ज आणि लेनी हे दोन शेतमजूर दोस्त. स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा, एवढंच त्यांचं स्वप्न. ते पूर्ण होतच नाही. बनगरवाडीचं स्वप्न पूर्ण होतं, आणि तरी दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. शेवटी मास्तरही निघतो.

मग तालीम वाया गेली का? मला नाही वाटत. भिंती मागे राहिल्या, हे खरं. पण त्या बांधताना वाडी एक झाली आणि परका मास्तर वाडीचा झाला. ते कुठला दुष्काळ नेणार?

पुस्तक मिळेपर्यंत अमोल पालेकरांचा याच नावाचा सिनेमा बघा, १९९५ चा. आणि आज शेजारच्या खोलीतल्या पोराला एवढंच विचारा, 'जेवलास का?'

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!