अभिरक्षेतील ‘रक्षा’

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आजचा विषय सभागृहात मोठ्याने उच्चारण्यास अवघड आहे. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या व्यक्तीवर, विशेषतः स्त्रीवर, पोलिसांकडूनच होणारा अत्याचार असा हा विषय आहे. आपल्यासारख्या सुशिक्षित, कुटुंबवत्सल मंडळींची पहिली प्रतिक्रिया ‘हे आपल्याकडे होत नाही’ अशी असते आणि दुसरी ‘तसल्या बायकांचे होत असेल’ अशी. पहिली प्रतिक्रिया अज्ञानातून येते, दुसरी निर्दयतेतून. या दुसऱ्या प्रतिक्रियेविषयीच मला आज अधिक बोलायचे आहे.

हा विषय नाशिकमध्ये मांडण्याला औचित्य आहे. आपल्या त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. राज्याचे फौजदार येथे घडतात. येथून दीक्षान्त संचलन करून बाहेर पडणारा तरुण अधिकारी उद्या गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्या ना कुठल्या ठाण्याच्या खुर्चीवर बसतो. सणासुदीला घरी न जाता बंदोबस्तात उभा राहणारा, कुंभमेळ्याची गर्दी सांभाळणारा पोलीस हा आपलाच भाऊ आहे, याचे भान ठेवूनच मी बोलणार आहे. परंतु वर्दीविषयी ज्याला खरा आदर आहे, त्याला वर्दीच्या आड झालेल्या पापाची चीड इतरांहून अधिक यायला हवी.

कायद्याच्या भाषेत पोलीस कोठडीला ‘अभिरक्षा’ म्हणतात. या शब्दाच्या पोटात ‘रक्षा’ आहे. ज्या क्षणी राज्यसत्ता एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते, त्या क्षणी त्याच्या देहाची व अब्रूची जबाबदारी तिच्यावर येते. तो माणूस चोर असो, खुनी असो वा निरपराध असो. कोठडीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यावर उत्तर देण्याचे ओझे. हे तत्त्व आज कोणालाही सहज पटेल. परंतु ते आपल्या कायद्यात यायला एका आदिवासी मुलीला फार मोठी किंमत मोजावी लागली, आणि ती मुलगी महाराष्ट्राची होती.

देसाईगंज म्हणजे वडसा. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तेथे आईबापांचे छत्र हरपलेली एक मुलगी भावाबरोबर मोलमजुरी करून राहत होती. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. जेथे ती कामाला जाई, त्या घरच्या नात्यातील एका तरुणाशी तिचे मन जुळले आणि दोघांनी लग्नाचे ठरवले. भावाला हे मान्य नव्हते. त्याने बहिणीला पळवून नेल्याची तक्रार पोलीस ठाण्यात दिली. २६ मार्च १९७२ च्या रात्री सर्वांना ठाण्यात आणून जबाब घेतले गेले. साडेदहाच्या सुमारास मंडळी घरी निघाली. मुलीला मात्र थांबवून घेण्यात आले. दार लागले, दिवे मालवले गेले. ठाण्याच्या मागील शौचकूपात व पडवीत एका शिपायाने तिच्यावर अत्याचार केल्याचा आणि नंतर दारूच्या नशेतील एका हवालदाराने तिच्याशी अश्लाघ्य वर्तन केल्याचा आरोप तिने बाहेर येताच केला. बाहेर तिची माणसे हाका मारीत होती. गर्दी जमली, आणि त्या गर्दीच्या रेट्यामुळेच तिची तक्रार नोंदवली गेली.

विधी महाविद्यालयांतून हे प्रकरण तिच्या नावानेच शिकवले जाते. मी ते नाव येथे घेणार नाही. पीडितेची ओळख प्रकट करण्यास कायद्यानेच पुढे प्रतिबंध केला, आणि तो प्रतिबंध तिच्याच प्रकरणातून उभ्या राहिलेल्या चळवळीचे फळ आहे. निदान एवढा मान तिला आपण द्यावा.

पुढे काय झाले? १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भयाने गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून शिपायाला पाच वर्षांची व हवालदाराला एक वर्षाची शिक्षा ठोठावली. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोघांची पुन्हा मुक्तता केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, सबब संमती नव्हती हे सिद्ध होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

रात्रीची वेळ. बंद ठाणे. समोर गणवेशातील दोन प्रौढ पुरुष. आणि एक अनाथ, निरक्षर, मजूर मुलगी. तिने कोणाला प्रतिकार करायचा होता? ज्याच्याकडे तक्रार करायची, तोच समोर उभा होता. जखमा नसणे हा तिच्या संमतीचा पुरावा ठरला. वास्तविक तो तिच्या भयाचा पुरावा होता.

हा निर्णय कायद्याच्या ग्रंथांत कायमचा निजला असता. परंतु सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार अशी त्यांची नावे. संमती आणि शरणागती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्या पत्राचा गाभा होता. संमती देणारा स्वतःला स्वाधीन करतो हे खरे. म्हणून स्वाधीन होणाऱ्या प्रत्येकाने संमती दिली, असे होत नाही. या साध्या भेदावर देशभर चर्चा पेटली. मुंबई, पुणे, दिल्ली, नागपूर येथे स्त्रिया रस्त्यावर आल्या. न्यायालयाचा निर्णय बदलला नाही. कायदा मात्र बदलला.

१९८३ च्या सुधारणेने पोलीस अधिकाऱ्याने केलेल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली. पुरावा कायद्यात नवे कलम आले. अशा प्रकरणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरील. उलट सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर राहील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२० मध्ये हीच तत्त्वे कायम आहेत. देसाईगंजच्या मुलीला जे मिळाले नाही, ते तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येकीला मिळाले.

माझ्या व्यवसायातील एका व्यक्तीचा येथे कृतज्ञतेने उल्लेख करायला हवा. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहातील पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. फेब्रुवारी १९८३ च्या निर्णयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, तेथे स्त्री पोलिसांचा पहारा, स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी आणि न्यायाधीशांच्या अचानक भेटी असे दंडक घालून दिले. एका लेखणीने एवढे काम होऊ शकते.

कोणी म्हणेल, हे सारे आधुनिक काळाचे चोचले आहेत. तसे नाही. शिवछत्रपतींच्या मुद्रेचे जे सर्वांत जुने पत्र ज्ञात आहे, ते २८ जानेवारी १६४६ चे, रांझे गावच्या पाटलाविषयीचे आहे. पाटील हा त्या काळी गावातील सत्तेचा प्रतिनिधी. त्याने बदअमल केला. परंपरा सांगते की, तो अपराध एका स्त्रीविषयीचा होता. त्याला समोर आणवले गेले, गुन्हा खरा ठरला, हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि वतन जप्त झाले. हातपाय तोडणे ही त्या युगाची रीत होती. आज आपल्यापुढे संविधान आहे आणि शिक्षा न्यायालयच देईल. आपण घ्यायचे ते तत्त्व वेगळे आहे. अधिकार ही अपराध्याची ढाल झाली नाही, उलट तोच अधिकार काढून घेतला गेला. राज्य उभे राहत असतानाच ‘आपल्या’ माणसाला पाठीशी न घालण्याचा हा वस्तुपाठ आहे. छत्रपतींचा जयजयकार करणाऱ्यांनी तो विसरू नये.

कायदे झाले, अत्याचार थांबले का? एप्रिल २००५ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हच्या पोलीस चौकीत भर दिवसा एका महाविद्यालयीन मुलीवर शिपायाने बलात्कार केला. पुढच्याच वर्षी त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. लोक चौकीभोवती जमले, मुलगी बोलली, कुटुंब पाठीशी उभे राहिले, म्हणून हे घडले. २०१४ मध्ये मुंबईतीलच वडाळा लोहमार्ग पोलीस ठाण्यात काही तरुणांवर कोठडीत लैंगिक अत्याचार झाल्याचे आरोप झाले. एकाचा मृत्यू झाला. उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. हा अत्याचार पुरुषांवरही होतो, हे आपण ध्यानात घेत नाही. लाजेपोटी पुरुष तर अधिकच गप्प राहतो. नव्या न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे आणि जुन्या कलम ३७७ ला समांतर तरतूद नाही. प्रौढ पुरुष बंदीवर अत्याचार झाला, तर मारहाण वा दुखापतीच्या कलमांचाच आधार उरतो. ही उणीव संसदेने भरून काढली पाहिजे.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. कोठडी, मार्गिका, प्रवेशद्वार, आणि शौचालयाच्या बाहेरही. चित्रण अठरा महिने जपावे, असेही सांगितले. ‘शौचालयाच्या बाहेर’ हे शब्द वाचताना मला देसाईगंज आठवले. परंतु २०२५ मध्ये बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची दखल त्याच न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. यंत्र बसवता येते. ते चालू ठेवण्याची इच्छा विकत मिळत नाही.

मग आपण काय करायचे? निषेधाचे ठराव पुष्कळ झाले. मी चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, कायदा घराघरांत पोहोचवा. साक्षीदार म्हणून स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या निवासस्थानीच तिचा जबाब घ्यावा लागतो. अपवादात्मक परिस्थिती व दंडाधिकाऱ्यांची परवानगी असल्याखेरीज सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. तिची झडती स्त्रीच घेईल. अटकेची वार्ता नातलगांना कळवावीच लागते आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. हे शाखेत, महिला मंडळात, महाविद्यालयात सांगितले गेले पाहिजे.

दुसरी, कोणाला ठाण्यात नेले तर त्याला एकटे सोडू नका. देसाईगंजच्या रात्री बाहेर माणसे होती म्हणूनच तक्रार तरी नोंदली गेली. वस्तीतील दोन जबाबदार माणसे शांतपणे बाकावर बसून राहिली, तर पुष्कळ अनर्थ टळतो. तेथे आरडाओरड करू नये, दगड उचलू नये. उपस्थिती पुरेशी असते.

तिसरी, जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता माहीत करून घ्या. प्रत्येक स्त्रीला आणि ताब्यातील प्रत्येक व्यक्तीला तेथे विनामूल्य वकील मिळण्याचा अधिकार आहे. मजुराला, पारध्याला, आदिवासीला हे कोणी सांगत नाही. वनवासी क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ते सांगावे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे तालुके आपल्याच जिल्ह्यात आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे. ‘ती तेथे गेलीच कशाला’, ‘तिचे आधीपासून काही असेल’ हे प्रश्न आपल्या दिवाणखान्यातून हद्दपार करा. चंद्रपूरच्या न्यायालयाने १९७४ मध्ये जे म्हटले, तेच आपण आज चहा पिताना म्हणत असतो. पीडितेच्या चारित्र्यावरून तिची साक्ष खोडण्याची मुभा देणारे कलम संसदेने २००२ साली पुरावा कायद्यातून काढून टाकले. आपल्या मनातून ते अजून गेलेले नाही. मातृशक्तीचा गौरव नवरात्रात नऊ दिवस करायचा आणि कोठडीतून परतलेल्या मुलीचे लग्न जमेल की नाही, याची कुजबुज वर्षभर करायची, हा दुटप्पीपणा आहे. चोरीच्या संशयाने पकडलेली स्त्री असो वा देहविक्रयात ढकलली गेलेली, अब्रू तिलाही असते.

आणीबाणीत या समाजातील असंख्य कुटुंबांनी तुरुंगाची दारे पाहिली. आपले नाशिकरोडचे कारागृहही त्या काळी स्थानबद्धांनी भरले होते. सत्तेच्या ताब्यात असलेला माणूस किती एकाकी असतो, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. परंतु त्या बंदींच्या मागे संघटना होती, वकील होते, डबा घेऊन येणारे नातलग होते. वडशाच्या त्या मुलीमागे कोणीही नव्हते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्यामागे उभे राहणे हेच समाजसंघटनेचे प्रयोजन असते.

आपल्या भागातील पोलीस ठाणे किती अंतरावर आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. ताब्यात घेतलेल्यांची नावे तेथे ठळकपणे लावलेली असावीत, असे नागरिक सुरक्षा संहिता सांगते. एकदा जाऊन ती लावली आहेत का, ते पाहा. नसतील तर ठाणे अंमलदाराला विनयाने विचारा. प्रामाणिक अधिकाऱ्याला या प्रश्नाचा राग येणार नाही, आणि ज्याला येईल, त्याच्या ठाण्याकडे आपले लक्ष असणे अधिक आवश्यक आहे.