काळी माती आणि आपली भिंत
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



आपली कंपाउंड वॉल तडकली, त्यात माझाही हात आहे. तेव्हा मी खजिनदार होतो. इमारतीचा पाया मुरुमापर्यंत गेला, भिंतीसाठी मात्र "एवढं खोल कशाला?" म्हणून मीच खर्च कापला. बँकेची सवय, दुसरं काय! आपल्या सोलापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरची भिंत तिच्याबरोबर हलणारच. आता नवी भिंत होतेय, तर पाया मुरुमावरच घ्या. आणि मे महिन्यात काँक्रीट टाकलंत, तर त्यावर गोणपाट घालून किमान १० दिवस ओलं ठेवा. टँकरचा खर्च होईल, होऊ दे. पाणी मारायचं वॉचमनवर सोडू नका. सकाळची पाळी मी घेतो.