वाकावे कोठे, ताठ राहावे कोठे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मदन महाल, जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ह्या व्यासपीठावर आपण आजवर नाट्यसंगीत, संतवाङ्मय आणि इतिहास ऐकत आलात. तेथे यंत्रशाळेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याने दोन मिलिमीटर जाडीच्या एका नळीवर बोलावे, हे धाडसच होय. चिटणिसांनी ‘विषय शास्त्रीय असावा, पण सोपा असावा’ अशी अट घातली आहे. पहिला भाग आपोआप पाळला जाईल. दुसऱ्याबद्दल श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

आरंभ समोरच्या टेकडीपासूनच करतो. खडकावर उभी असलेली ती गोंड राजवटीतील चौकी पाहावयास आमचे वडील आम्हांस रविवारी नेत असत. पुढे पुढे ते अर्ध्या वाटेत थांबू लागले. पोटरीत गोळा येई, दोन मिनिटे उभे राहिले की जाई आणि तेवढ्याच पायऱ्या चढल्या की पुन्हा येई. आम्ही मुले त्यांची थट्टा करीत असू. घरात सर्वांनी वाताचे निदान केले व तेलाच्या बाटल्या आणल्या. वस्तुतः मांडीतील रोहिणी आतून अरुंद होत चालली होती. मधुमेह होता, विडीही होती. अखेरीस त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढील आयुष्यात आम्ही जे काम पत्करले, त्याचे मूळ ह्या पायऱ्यांवर आहे.

पाय न कापता आतूनच वाट मोकळी करावी, ही कल्पना त्या वेळी जगात नव्हती असे नाही. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर ह्या क्ष-किरण तज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका बाईची मांडीतील अरुंद रोहिणी नळ्या घालून रुंद केली. शल्यचिकित्सकांनी पाय काढण्याचा सल्ला दिला होता आणि बाईंनी तो साफ नाकारला होता. त्या पुढे दोन वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या. परंतु रुंद केलेली वाट पुन्हा आवळते. म्हणून डॉटर ह्यांनीच १९६९ मध्ये कुत्र्यांच्या रोहिणीत तारेची वेटोळी बसवून पाहिली. आज ज्यास आपण स्टेंट म्हणतो, त्याचा हा पूर्वज.

स्टेंटच्या जाती दोन. एक आतून फुगा फुगवून रुंद करावयाची. हृदयासाठी बहुधा हीच वापरतात. दुसरी, दाबून नळीत कोंडलेली आणि मोकळी होताच स्वतःहून उमलणारी. गंमत अशी, की २८ मार्च १९८६ रोजी तुलूझ येथे जाक प्युएल ह्यांनी माणसाच्या हृदयरोहिणीत पहिला स्टेंट बसविला, तो ह्या दुसऱ्या जातीचा होता. पायासाठी तर हीच जात सोयीची. पाय वाकतो, पिळतो, बाहेरून दाबलाही जातो. फुग्याने ताणलेले पोलाद एकदा चेपले की चेपलेलेच राहते. स्वयंविस्तारी जाळी दाब सुटताच पूर्ववत होते.

ही जाळी आज बहुधा निकेल व टिटॅनियम ह्यांच्या नितिनॉल नामक मिश्रधातूची करतात. तोफगाड्यांच्या ह्या गावी सांगावयास हरकत नाही, की ही धातूदेखील शस्त्रखात्याचीच देणगी होय. विल्यम ब्यूलर हे अमेरिकन नौदलाच्या आयुध-प्रयोगशाळेत क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधीत होते. १९६१ मध्ये एका बैठकीत तिची चुरगाळलेली पट्टी हातोहात फिरत असता कोणी तिला पाईपच्या लायटरची धग दाखविली, आणि पट्टी आपोआप सरळ झाली! ‘नितिनॉल’ ह्या नावातील शेवटची अक्षरे त्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांचीच आहेत.

असो. धातू मिळाली, जाळी झाली. ती जागेवर पोहोचवावयाची कशी? आमचे काम येथे सुरू होते.

सामान्यतः उजव्या जांघेतून शिरावे, वर जावे, पोटात जेथे महारोहिणी दुभंगते त्या तीव्र वळणावरून पलीकडे उतरावे आणि डाव्या मांडीत यावे, असा हा मार्ग. नळीची लांबी सुमारे सव्वा मीटर, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. सहा-सात मिलिमीटर व्यासाची जाळी तिच्या टोकाशी दाबून बसविलेली. आतला दांडा स्थिर धरून बाहेरचे वेष्टन मागे ओढले की जाळी उमलते. भगिनीवर्गास हे लवकर उमगेल: परकराच्या नेफ्यातून नाडी ओवताना पिन फार मऊ असेल तर पुढे सरकत नाही, फार ताठ असेल तर कापडात रुतते. नळी ढकलण्याजोगी ताठ हवी आणि वळण्याजोगी मऊही हवी.

त्यावर तोड अशी, की हाताकडचा भाग पोलादी, मधला बारीक तारेच्या विणीने बळकट केलेल्या प्लास्टिकचा आणि टोक अगदी मऊ. मात्र हा बदल हळूहळू, गळाच्या काठीसारखा झाला पाहिजे. ताठ आणि मऊ ह्यांचा सांधा एकाएकी आला, तर नळी नेमकी तेथेच मुडपते.

खरी अडचण पुढेच आहे. कोंडलेली जाळी वेष्टनाला आतून सतत रेटत असते. जाळी जितकी लांब, तितके घर्षण अधिक. त्यात वळणे. ग्वारीघाटावर नावेचा दोर खुंटाला दोन वेढे देऊन एखादे पोरही अख्खी नाव धरून ठेवते, ते आपण पाहिले असेल. वेढ्यागणिक घर्षण बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. नळीतही तेच. घर्षणांक ०.२ असेल व सारी वळणे मिळून अर्धे वर्तुळ होत असेल, तर ओढण्याचे बळ जवळजवळ १.९ पट लागते. आतून टेफ्लॉनचे अस्तर देऊन घर्षणांक ०.१ वर आणला, तर सुमारे १.४ पट.

आमच्या तिसऱ्या नमुन्यात आम्ही लवचीकपणाच्या मोहात पडलो. वेष्टन इतके मऊ केले, की काचेच्या कृत्रिम रोहिणीत, ३७ अंशांच्या पाण्यात, ते सापासारखे वळे. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मग मूठ ओढली. वेष्टन सरकले नाही, ते ताणले गेले. सव्वा मीटर नळी शेकडा अर्ध्याने ताणली तरी सहा मिलिमीटर होतात. इकडे आतला दांडा दाबाखाली वाकून नागमोडी झाला. साठलेला ताण एकदम सुटला आणि जाळी ठरल्या जागेच्या पुढे उडाली. काचेत ते हसण्यावारी गेले. माणसात असे झाले, तर अरुंद भाग उघडाच राहतो आणि जाळी भलत्याच फाट्याच्या तोंडावर बसते. तेथून ती परत काढता येत नाही.

नमुने तीन आठवड्यांत पाठवावयाचे होते. ‘दहापैकी नऊ वेळा नीट बसते’ असे वरिष्ठांचे म्हणणे. आम्ही कागदावर सही केली नाही. त्या वर्षीची बढती गेली आणि घरी काही दिवस अबोलाही झाला. पण दहावा पाय कोणाचा, हे आमच्या डोळ्यांसमोर होते.

उत्तर सायकलच्या ब्रेकने सुचविले. तेथे आतली तार ओढली जाते आणि बाहेरचे वेटोळ्याचे आवरण दाब सोसते. आमच्याकडे नेमके उलटे. तेव्हा वेष्टनात लांबीच्या दिशेने न ताणणाऱ्या बारीक तारा घातल्या. त्याने वाकणे फारसे बिघडले नाही. आतल्या दांड्याभोवतीची मोकळी जागा भरून काढली, म्हणजे त्याला नागमोडी होण्यास वावच राहिला नाही. मुठीऐवजी अंगठ्याने फिरवावयाचे चाक बसविले. ह्यातील एकही युक्ती आमची एकट्याची नव्हे. जगभर अनेकांनी ह्याच वाटा चोखाळल्या आहेत. नमुना अकरा महिने उशिरा गेला.

एक गोष्ट मात्र आम्ही हट्टाने चाचणीत घालावयास लावली. खुर्चीवर बसणाऱ्याचा गुडघा आणि पंगतीत मांडी घालून बसणाऱ्याचा गुडघा ह्यांत फरक आहे. गुडघ्यामागची रोहिणी मांडी घालताना कशी दुमडते, हे परदेशी सहकाऱ्यांना दाखविण्यासाठी आम्ही भर सभेत टेबलावर मांडी ठोकून बसलो होतो!

उपचार प्रत्येकालाच स्टेंटचा लागतो असे नव्हे. तंबाखू सोडणे, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, वैद्यांच्या देखरेखीखाली नेमाने चालणे, ह्यांनीच अनेकांचे भागते. पण चालताना पोटरीत ठराविक अंतरावर गोळा येत असेल, तर तेलाच्या बाटलीआधी घोट्यावरचा रक्तदाब दंडावरच्या रक्तदाबाशी ताडून घ्यावा. ह्या तपासणीस सुई लागत नाही.

काचेची ती रोहिणी, फसलेला तिसरा नमुना आणि सायकलच्या ब्रेकची एक तार आम्ही येथे आणली आहे. चहापानाच्या वेळी ही सर्व सामग्री बाजूच्या टेबलावर राहील. मुलांनी अवश्य ओढून पाहावी. तिसरा नमुना मोडला तरी चालेल.