माझ्या मुलखाची बाजू

श्रोतेहो, भिवंडीच्या धामणकर नाक्यावर सायंकाळीं जी गर्दी लोटते, तींत अर्ध्या हिंदुस्थानची बोली कानीं पडते. यंत्रमागांवर राबणारे हे लोक कोणी उत्तर प्रदेशांतले, कोणी बिहारचे, कोणी तेलंगणांतले, तर कोणी आमच्याच घाटावरचे. भाषा निराळ्या, पण एक बोल प्रत्येकाला ऐकावा लागतो : 'तुमच्याकडे राज्य कसलें? लूट आहे ती!' बिहारच्या माणसाला तो परका ऐकवतो. महाराष्ट्राच्या खेडुताला मात्र त्याचाच शहरवासी भाऊबंद ऐकवतो. सरपंच खातो, साखर कारखाना चार घरांच्या मुठींत आहे, दुष्काळाचा पैसा पाण्याआधीं मुरतो, अशी ही फिर्याद आहे. मी खेड्यांतला, तेव्हां आरोपीच्या वतीनें आज चार शब्द बोलणार आहें.

फिर्याद सर्वस्वीं खोटी, असें मी म्हणणार नाहीं. सिमेंटवाटपाच्या प्रकरणीं उच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९८२ सालीं राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावें लागलें. दहा वर्षांत सुमारें ७०,००० कोटी रुपये खर्चूनही सिंचनाचें क्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढलें, असा गदारोळ २०१२ सालीं उठला, तोही राज्याच्याच आर्थिक पाहणीवरून. हें सारें मी नाकारीत नाहीं. परंतु तें सिमेंट कोणत्या खेड्यांतल्या झोपडीला लागणार होतें? तो वाद मुंबईच्या इमारती बांधणाऱ्यांचा होता. धरणांच्या निविदाही ग्रामपंचायतीच्या चावडीवर मंजूर होत नसतात. चोरी वर झाली, शेत खालीं कोरडें राहिलें आणि नांव मात्र खेड्याचें बद्दू झालें! शिवाय सिंचनाच्या कारभारावर उघड बोट ठेवणारे विजय पांढरे हे राज्याच्याच सेवेंतील मुख्य अभियंते होते, हेंही विसरूं नये.

आतां दुसरी बाजू पाहा. १९७२ च्या दुष्काळांत या मुलखानें भीक मागितली नाहीं, काम मागितलें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. त्या खर्चासाठीं शहरांतील पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसला. श्रोतेहो, आपल्या वेतनांतून तो कापला जातो, म्हणून हिशेब विचारण्याचा आपणांस पुरा हक्क आहे. त्या योजनेंत खोटीं हजेरीपत्रकें भरलीं गेलीं, हें खरें. पण त्याच योजनेनें खडी फोडणाऱ्या बाईच्या हातीं तिच्या नांवाची मजुरी पडली, आणि २००५ सालीं संसदेनें देशासाठीं असाच कायदा केला, तेव्हां महाराष्ट्राचा अनुभव तिच्यापुढें होता, हेंही तितकेंच खरें.

आणि हीं हजेरीपत्रकें दाखवा, असें प्रथम कोण म्हणालें? राजस्थानच्या खेड्यांतील मजूर. १९९६ सालीं त्यांनीं ब्यावर येथें त्यासाठीं धरणें धरलें. आमच्याकडे हाच आग्रह राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनीं धरला. त्यांच्या उपोषणाच्या वेळीं, २००३ सालीं, राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. देशाचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनीं आला. ज्याची लूट होते त्यानेंच हिशेब मागितला. बदनाम मुलखांचा खरा इतिहास हा आहे.

गडचिरोलींतील मेंढा-लेखा या गोंड गांवानें तर हिशेब स्वतःच्याच हातीं घेतला. २००९ सालीं त्याला वनाचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेकडे आले. तेथें निर्णय सर्वसहमतीनें होतो. सर्वांच्या देखत मोजलेला पैसा गिळणें कोणालाही कठीणच.

सारीं गांवें मेंढा नाहींत, हें मी जाणतों. पण सरसकट निंदेनें काय होतें तें पाहा. खेडीं भ्रष्टच, असें एकदां ठरलें कीं, त्यांचे अधिकार काढून वरच्या कचेरीकडे द्या, ही मागणी सुज्ञांच्या तोंडीं येते. मग चोरी थांबत नाहीं. ती जेथें गांवकऱ्याची नजर पोंचत नाहीं तेथें जाते. नाक्यावरच्या मजुराला आपलें गांव आधींच दुरावलेलें असतें. उरलेला त्याचा आवाजही अशानें जातो.

म्हणून आपणांस एक विनंति आहे. आपल्यांतील बहुतेकांचें एखादें गांव आहेच. जत्रेला आपण जातां, आंब्यांच्या दिवसांत जातां. आतां एकदां ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीं ती भरविण्याचा प्रघात आहे. तेथें मतदार नसलांत तरी मागें बसून ऐका, घरच्यांना वर्षाचा जमाखर्च विचारावयास सांगा. त्यानंतर माझ्या मुलखाला दोष द्यावासा वाटला, तर खुशाल द्या. तो दोष ऐकून घ्यावयास मी तयार आहें.