इटलीचा पट

बुद्धिबळाच्या पटावर विश्वासघाताला जागा नाहीं. प्रतिपक्षाचा वजीर कोठें उभा आहे, हें दोघांनाहि सारखेंच दिसत असतें. न दिसणारें काय तें त्याच्या डोक्यांत. सोंगट्यांत दैवाचा भाग मोठा, पण दैव कोणाला वचन देत नाहीं. शेजारीं बसलेल्या मित्राचा शब्द खरा मानावा कीं खोटा, ही चिंता या दोन्ही खेळांत कोणाला पडत नाहीं. ही चिंता हाच ज्याचा प्राण आहे, असा एक खेळ १९७७ सालीं अमेरिकेंत निघाला. त्याचें नांव 'मॅकियाव्हेली'.

त्याचें मूळ 'डिप्लोमसी' नांवाच्या दुसऱ्या एका खेळांत आहे. ॲलन कॅलहॅमर या गृहस्थानें हार्वर्ड विद्यापीठांत शिकत असतां युरोपच्या राजकारणाचा अभ्यास केला आणि १९५४ सालीं त्यावर एक खेळ रचला. खेळ विकणाऱ्या व्यापाऱ्यांना तो पसंत पडेना; तेव्हां १९५९ सालीं त्यानें पदरमोड करून पांचशें प्रती काढल्या. पुढें त्या खेळाची कीर्ति देशोदेशीं पसरली, तरी कॅलहॅमर उत्तरायुष्यांत टपालवाटपाची नोकरी करीत राहिला. त्याच्या पटावर १९०१ सालची युरोपांतील सात राष्ट्रें आहेत आणि फांसा मुळींच नाहीं. 'मॅकियाव्हेली'नें हाच पाया घेऊन पट इटलीचा केला, आणि काळ चारशें वर्षांहून मागें नेला.

पटाभोवतीं बसणारांपैकीं कोणी व्हेनिस होतो, कोणी मिलान, कोणी फ्लॉरेन्स, कोणी नेपल्स. एकाला पोपचें राज्य मिळतें. कडेला फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि तुर्क टपून असतात. प्रत्येकाजवळ फौजा, आरमार आणि शहरांच्या तटबंदींत ठेवण्यासाठीं शिबंदी असते. डाव एकामागून एक खेळावयाचा नसतो. आधीं सर्वांनीं खुशाल कुजबुजावें, कोपऱ्यांत जाऊन तह करावे. नंतर प्रत्येकानें आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहावे, आणि सर्वांचे कागद एकाच वेळीं उघडावे. दोन सारख्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या तर कोणीच पुढें सरकत नाहीं. तिसऱ्यानें एकीला पाठबळ दिलें तरच कोंडी फुटते. म्हणून एकट्याच्या बळावर येथें कोणीहि फार दूर जात नाहीं. तह मोडणाराला नियमांत दंड नाहीं. फ्लॉरेन्सला पाठबळ देण्याचें वचन देणाऱ्या व्हेनिसच्या कागदावर फ्लॉरेन्सवरच स्वारी लिहिलेली निघाली, तर ज्याचें त्यानें निस्तरावें.

मूळ खेळांत नसलेली एक वस्तु येथें आली आहे, ती म्हणजे पैसा. डुकॅट हें व्हेनिसचें सोन्याचें नाणें. त्यानें शत्रूची फौज फोडतां येते, त्याच्या प्रांतांत बंड उठवतां येतें. प्रतिस्पर्ध्यावर मारेकरी घालण्याचीहि सोय आहे. डाव साधला तर त्याचें राज्य कांहीं काळ लुळें पडतें. दुष्काळ आणि प्लेग मात्र फांशाच्या स्वाधीन. हें सारें क्रूर वाटेल, पण खोटें नाहीं. इटलींतील त्या काळच्या लढाया बहुतांशीं भाडोत्री सरदार लढत, आणि फ्रांचेस्को स्फोर्झा हा असाच एक सरदार १४५० सालीं मिलानचा ड्यूक होऊन बसला.

या खेळाचा एक आरंभ १४५४ सालापासून आहे, आणि ज्यानें इतिहास वाचला आहे त्याला येथेंच गंमत वाटते. त्याच वर्षीं ९ एप्रिल रोजीं लोदी या गांवीं मिलान व व्हेनिस यांनीं तह केला. कॉन्स्टँटिनोपल आदल्याच वर्षीं तुर्कांच्या हातीं गेलें होतें. आपसांत झुंजणें परवडणारें नव्हतें. पुढें फ्लॉरेन्स, पोप व नेपल्स हेहि त्या संघांत आले. लहानमोठीं युद्धें झालीं, तरी पांचांपैकीं एकानें चौघांना गिळावें असें चाळीस वर्षें घडलें नाहीं. पटावर मात्र हा तह टिकत नाहीं, कारण खेळाला एक विजयी हवा असतो. सर्वांनीं शिल्लक राहावें, हा हेतु मनांत धरून खेळणारा तेथें हरतो. खेळाची खरी उणीव हीच.

दुसरीहि एक गोष्ट त्यांत बसत नाहीं. १४७८ सालीं फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्यें लोरेंझो दे मेदिचीवर मारेकरी तुटून पडले. तो बचावला, भाऊ जुलियानो ठार झाला. मागोमाग पोप चौथा सिक्स्टस व नेपल्सचा राजा फेरांते यांनीं युद्ध पुकारलें. फ्लॉरेन्स थकत चाललें, तेव्हां १४७९ च्या डिसेंबरांत लोरेंझो स्वतः शत्रूच्या राजधानींत गेला. याच फेरांतेकडे पाहुणा म्हणून गेलेला सरदार पिच्चिनीनो १४६५ सालीं कैदेंत मेला होता. लोरेंझोला तें ठाऊक नसणें शक्य नाहीं. तो कित्येक आठवडे तेथें राहिला आणि मार्च १४८० मध्यें तह घेऊन परतला. शत्रूच्या हातीं स्वतःची मान देण्याचा हुकूम पटावरच्या कोणत्या कागदावर लिहावा?

पुढें मिलानच्या लुदोविको स्फोर्झानें नेपल्सविरुद्ध फ्रान्सच्या राजाला उत्तेजन दिलें. १४९४ सालीं आठवा चार्ल्स सैन्यासह आल्प्स उतरला. पटाच्या कडेवरची सोंगटी मध्यें ओढून घ्यावी आणि तिनें शेजाऱ्याला मारावें, हा बेत पटावरहि नवशिक्यांना फार आवडतो. लुदोविकोचें मिलान फ्रेंचांनींच पुढें जिंकलें. तो स्वतः त्यांच्या हातीं सांपडला आणि १५०८ सालीं फ्रान्समध्यें लोश येथील किल्ल्यांत बंदिवान असतांनाच मेला.