हॉस्पिटल म्हणजे कारखाना आहे का? न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांची गोष्ट

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. घाटकोपरच्या एका श्रोत्या ताईंनी पाठवला होता. सात वर्षं त्या एका हॉस्पिटलमध्ये वॉर्डात आयाचं काम करत होत्या. एक दिवस सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नोटीस नाही, भरपाई नाही. त्यांनी विचारलं, तर ऑफिसातले साहेब म्हणाले, "हे हॉस्पिटल आहे, कारखाना नाही. इथे सेवा चालते. कामगार कायदा इथे लागत नाही." ताईंचा प्रश्न साधा आहे: हे खरं का?

मी मेसेज दोनदा ऐकला, कारण हेच वाक्य सरकारने मुंबईतल्याच एका खटल्यात साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मांडलं होतं. आणि त्याला उत्तर दिलं होतं एका मराठी माणसाने.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. जन्म १६ मार्च १९०१, सातारा. घरात संस्कृत पांडित्याची परंपरा. धारवाडचं कर्नाटक कॉलेज, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज, तिथेच लॉ कॉलेज, आणि १९२६ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली. सुरुवातीला त्यांचा अभ्यास हिंदू कायद्याचा. दत्तकविधानावरच्या 'दत्तकमीमांसा' या जुन्या संस्कृत ग्रंथाचं संपादनही त्यांनी केलं. म्हणजे गिरणीचा भोंगा आणि या माणसाचा संबंध काय, असं कुणालाही वाटावं.

१९४५ साली ते उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. पुढे बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा वाद झाला. लवादाने दिलेला निवाडा केंद्र सरकारने बदलला, म्हणून कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी १९५४ साली राजीनामा दिला. त्यानंतर जो आयोग नेमला, त्याचा अहवाल गजेंद्रगडकरांनी दिला आणि सरकारने तो स्वीकारून १९५५ साली कायदा केला. १९५६ च्या जानेवारीत ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे कामगारांच्या खटल्यांचे कितीतरी निकाल त्यांच्या हातून लिहिले गेले. क्राऊन अल्युमिनियमच्या खटल्यात त्यांनी म्हटलं, त्याचा अर्थ असा: जो धंदा कामगाराला किमान वेतनसुद्धा देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. आजही कामगार वकिलांच्या तोंडी हा मुद्दा असतो.

आता आपला खटला. मुंबईच्या जे. जे. समूहातल्या रुग्णालयांत वॉर्डात काम करणाऱ्या दोघांना कामावरून काढलं. त्यांच्या जागी सरकारच्याच दुसऱ्या खात्यातून कमी केलेली माणसं घेतली. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५-फ सांगत होतं: वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कपातीत काढायचं, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्या, आणि पूर्ण केलेल्या दरवर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्या. यातलं काहीच झालं नव्हतं. सरकारचं म्हणणं एकच, हॉस्पिटल हा उद्योगच नव्हे. उच्च न्यायालयात सरकार हरलं, सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६० साली तिथेही हरलं.

गजेंद्रगडकरांनी निकालात काय पाहिलं? नफा होतो का, हे नाही. पैसे गुंतवलेत का, हेही नाही. काम नियमित आणि पद्धतशीर चालतं का, मालक आणि नोकर यांच्या सहकार्याने चालतं का, आणि त्यातून समाजाला वस्तू किंवा सेवा मिळते का? मग तो उद्योग. रुग्णाची सेवा पुण्याची असेल, पण लादी पुसणाऱ्या बाईला महिनाअखेर भाडं भरावंच लागतं ना!

पण गोष्ट इथे संपवली तर मी तुम्हाला अर्धीच सांगितली असं होईल. तीन वर्षांनी, १९६३ मध्ये, दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांचा खटला आला. बससेवा तोट्यात म्हणून बंद केली, चालकांना काढलं. आणि याच न्यायमूर्तींनी लिहिलं की शिक्षण हा उद्योग नाही, विद्यापीठाचं मुख्य काम शिक्षकांचं आहे, चालकांचा वाटा गौण. चालक हरले. मला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो. वॉर्डातल्या माणसाला जो न्याय, तो बस चालवणाऱ्याला का नाही? विशेष म्हणजे सरन्यायाधीशपदावरून १९६६ साली निवृत्त झाल्यावर ते स्वतः मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच काळात पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्षही होते. त्याचा अहवाल १९६९ साली आला.

पुढे १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात १९६० चा निकालच चुकीचा ठरवला. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात सात न्यायाधीशांनी तो पुन्हा उभा केला, आणि विद्यापीठांनाही उद्योगात आणलं. म्हणजे गजेंद्रगडकरांचा एक निकाल परत आला, दुसरा गेला. दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांचं निधन १९८१ सालचं. २०१७ साली हा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे पाठवला गेला.

तर ताई, तुमचं उत्तर. साहेब म्हणाले ते इतकं सरळ नाही. हॉस्पिटल आहे म्हणून कायदा लागत नाही, हे १९७८ पासून चालत नाही. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, आणि तिच्या व्याख्येतून मुख्यतः धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संस्था वगळल्यात. म्हणून तुम्हाला कोणत्या तारखेला काढलं आणि हॉस्पिटल कुणाचं, यावर बरंच अवलंबून आहे. पावतीवर 'ट्रस्ट' छापलं म्हणजे धर्मादाय झालं, असं मात्र आपणहून मान्य करू नका. ते त्यांना दाखवू द्या.

पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र, हजेरीचे फोटो, बँकेचं पासबुक, पीएफचा नंबर, सगळं एका पिशवीत घाला आणि युनियनच्या माणसाला किंवा कामगार वकिलाला लवकर भेटा. उशीर करू नका, मुदती असतात. आणि हिशेब चुकता झाला असं लिहिलेल्या कागदावर न वाचता सही करू नका.

काय झालं ते कळवा. तुमची परवानगी असेल तर नाव न घेता पुढच्या भागात सांगेन. भेटू या.