लोकप्रतिनिधींचा जाबसाल



आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा या व्यापाऱ्याच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपये कोणाच्या हुकुमाने गुंतवले, असा सवाल 1957 च्या डिसेंबरात फिरोज गांधी यांनी, स्वतः सत्ताधारी पक्षाचे सभासद असूनही, लोकसभेत उपस्थित केला, तेव्हा त्याचा निकाल लागावयास दोन-अडीच महिन्यांहून अधिक काळ लागला नाही. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची नेमणूक झाली; चौकशी मुंबईत खुल्या दारांनी चालली, आणि श्रोत्यांची एवढी रीघ लागली की बाहेर ताटकळणाऱ्यांना साक्षी ऐकू याव्यात म्हणून ध्वनिक्षेपक बसवावे लागले. सचिवाच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्यास झटकता येत नाही, असा निर्वाळा अहवालाने दिला, व फेब्रुवारीतच अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून मोबदला घेऊन संसदेत प्रश्न विचारणारे सभासद मुद्गल यांना ज्या समितीने 1951 मध्ये दोषी ठरविले, तिचे अध्यक्ष हेच कृष्णम्माचारी होते! जाब विचारणाराही जाबातून सुटत नसे, असा तो काळ होता.

आज कायदा दुबळा आहे असे मी म्हणणार नाही. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधीस केवळ अपील दाखल करून जागा राखण्याची जी सवलत होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली रद्द केली. परंतु शिक्षा होईल तेव्हा ना! खटला तारखांवर तारखा घेत रेंगाळतो, साक्षीदार फितूर होतात किंवा वार्धक्याने जातात, आणि तेवढ्या अवधीत आरोपी दोन-तीन निवडणुका जिंकून मोकळा होतो. ही दिरंगाई हाच आपल्या लोकशाहीचा खरा रोग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यायालयांच्या निकालाची वाट न पाहता मतदारास करता येण्याजोगे एक काम मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवारास शपथपत्र द्यावे लागते. त्यात प्रलंबित खटल्यांची कलमे, पती वा पत्नीसह स्वतःची मालमत्ता, कर्ज आणि सरकारी थकबाकी लिहिलेली असते. निवडणूक आयोग ते जाहीर करतो. मतदानापूर्वी आपल्या मतदारसंघातील प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र कृपा करून वाचा, आणि तो दारी आला म्हणजे त्यातील कलमांविषयी त्याला तोंडावर विचारा.